नकार घेऊन जाणाऱ्या रूथबाई

खो-खोच्या संघात निवड झालेल्या मुलीच्या घरी रूथबाई साळवे कधी जात नसत. तिथे पेढे असतात, हार असतात, फोटोत मान घुसवणारी माणसं असतात. तिथे आपलं काय काम, असं त्या म्हणत. त्या जात ते नाकारलेल्या मुलीच्या घरी. यादी जाहीर होण्याआधी, एसटीने, जीपने, वेळ पडली तर कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या तिच्या दारात पोचत, चपला काढत आणि पुढे आलेल्या तांब्याला हात लावण्याआधी सांगत, "तुझं नाव नाही. का नाही, ते सांगायला आले आहे. आता पाणी दे."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते राजूरच्या पुढच्या एका डोंगरवाडीत. भाताची खाचरं पिवळी पडू लागली होती आणि हवेला ओल्या पेंढ्याचा कोंदट, गोडसर वास होता. रूथबाईंचं वाक्य पुरं होताच ती मुलगी आत पळाली आणि तिने दार लावून घेतलं. रूथबाई ओट्यावर बसल्या. "डाव्या पायावर वळताना तू टाच टेकतेस," त्या बंद दाराला म्हणाल्या, "तिथे तुझा वेग मरतो."

आतून हुंदक्यासकट उत्तर आलं, "ठावं हाय मला!"

"ठावं आहे तर बाहेर ये. दोघी मिळून बघू."

मुलीच्या आईने नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. रूथबाईंनी तो नाक ओढत, घाम पुसत, शेवटच्या बोटापर्यंत खाल्ला. मग कडी वाजली. परतीची जीप हॉर्न देऊ लागली तेव्हा ती मुलगी अंगणात डाव्या पायावर वळत होती आणि रूथबाई जीपच्या दिशेला पाठ करून ओरडत होत्या, "टाच! अगं, टाच!"

रूथबाई मूळच्या नगरच्या. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत नगरच राहिलं. त्यांचे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडीलही मास्तर, आणि रूथबाई व्यायामशिक्षिका. तरुणपणी त्या खो-खो खेळल्या, नंतर उभी हयात शिकवला, आणि निवृत्तीनंतर घरी बसून चर्चच्या महिला मंडळाचे हिशेब तपासण्याची वेळ येते की काय असं वाटत असतानाच मुलींच्या खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्यातल्या एका संघाने आपल्या जिल्ह्यातल्या नव्या मुली पारखण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. दसऱ्याच्या पुढेमागे मैदानावर चाचणी होई आणि दिवाळीच्या आधी 'ड्राफ्ट': सगळे संघ एका सभागृहात बसत आणि आळीपाळीने एकेक मुलगी आपल्याकडे घेत. घेतलेल्या मुलीला संघाच्या प्रशिक्षण केंद्रात राहायला मिळे. तिचं जेवणखाण, शिक्षण, सराव सारं तिथेच. कुणाला घ्यावं आणि कुणाला घेऊ नये, हे रूथबाईंनी ड्राफ्टच्या आधी संघाला कळवायचं, आणि लेखी कळवायचं.

लेखी, हीच अडचण होती. आमच्या दोन घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून वाकून त्या एका सकाळी मला म्हणाल्या, "मी लिहायला बसले की प्रगतिपुस्तक होतं बघ. 'प्रगती समाधानकारक.' तू कविता करतेस ना? मग हे तू लिही. मी बघते, मी सांगते, तू लिही." मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते, दुपारी रिकामी असे, आणि खो-खोबद्दल मला शाळेतल्या खरचटलेल्या गुडघ्यांपलीकडे काही आठवत नव्हतं. मी हो म्हटलं.

पहिला अहवाल कोल्हारच्या एका मुलीचा. मी लिहिलं, 'ती प्रवरेच्या पाण्यासारखी वळते.' रूथबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रवरेला कुणी बाद करत नाही, कवयित्रीबाई. हिला करतील. उजवीकडे वळायच्या आधी हिचा खांदा जातो आणि मागची ओळखते. ते लिही." मी नदी खोडली. पण त्याच पानावर खाली मी लिहिलं होतं की पाठलाग अंगावर आला की ही मुलगी मागे बघत नाही, कानाने अंतर मोजते. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं. "हे राहू दे. हे मला दिसलं होतं, सांगता आलं नव्हतं." मग त्यांनी पदराच्या गाठीतून एक लवंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. गालात सदैव लवंग धरून बसणाऱ्या बाईने दिलेलं ते बक्षीस होतं. अजूनही कुठे लवंगेचा वास आला की मला वाटतं, आपण एखादं वाक्य नीट लिहिलं आहे.

त्यांची बघण्याची रीत वेगळी होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर एका ओळीत, एक या बाजूला तोंड करून आणि एक त्या बाजूला, उकिडव्या बसतात. नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, ओळ ओलांडता येत नाही. म्हणून ती बसलेलीच्या पाठीला हात लावते, "खो" म्हणते, तिच्या जागी बसते आणि बसलेली उठून पुढे धावते. बघ्यांची नजर अर्थातच धावणारीवर असते. रूथबाईंची बसलेल्यांवर असे. मैदानाच्या टोकाला, खांबामागे, पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर त्या बसत आणि त्या आठ पाठींकडे एकटक पाहत राहत. "धावणं मी शिकवीन," त्या म्हणत. "पण जिला बसता येत नाही तिला काय शिकवू? बघ, त्या चौथीच्या पायाची बोटं बघ. तिला अजून हात लागलेला नाही, पण बोटांना कळलंय." मी बघत असे. खरोखरच त्या मातीत रुतलेल्या बोटांना काहीतरी कळलेलं असे.

आणखी एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. "दया आली की डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की दिसत नाही." म्हणून चाचणीच्या दिवशी कुठल्याही मुलीच्या घरची हकिगत ऐकायची नाही, हा त्यांचा दंडक होता. एखाद्या शिक्षकाने तोंड उघडलं की त्या हात वर करत, रस्त्यावरच्या पोलिसासारखा.

पाथर्डीकडच्या एका खेड्यातली अश्विनी चाचणीला आली त्या दिवशी मात्र तो हात वर व्हायला उशीर झाला. सकाळी मैदानावर पाणी मारलेलं होतं. भिजल्या मातीचा आणि पांढऱ्या फक्कीचा एक थंड, शाळेसारखा वास येत होता. अश्विनी बारीक, काळीसावळी, केस चिंधीने करकचून बांधलेले. तिच्याबरोबर आलेले तिच्या शाळेचे सर रूथबाईंच्या डब्याशेजारी येऊन उकिडवे बसले आणि एका दमात बोलून गेले, "बाई, हिचं तेवढं बघा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. आजवर ही मावशीपाशी राहून शिकली. यंदा बाप म्हणतो, ड्राफ्टात नाव आलं तर ठेवतो, नाही आलं तर संगं येईल. आणि संगं गेली की लग्न झालंच समजा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिकडं बिनलग्नाच्या पोरीला कोण बिऱ्हाडात ठेवून घेतंय?"

"सर," रूथबाई मैदानावरची नजर न काढता म्हणाल्या, "हे मला सांगायचं नव्हतं."

"मग कुणाला सांगायचं, बाई?"

रूथबाईंच्या गालातली लवंग या गालातून त्या गालात गेली.

अश्विनी धावू लागली. ती दमतच नव्हती. इतर मुलींच्या छात्या भात्यासारख्या वरखाली होत असताना तिच्या ओठांवर साधी कोरडही दिसत नव्हती. पण खेळ बिघडत होता. तिचा खो ऐकूच येत नव्हता, ओठांत पुटपुटल्यासारखा. खो देताना ती उगाच फार खाली वाकत होती. आणि खो दिल्यावर बसत नव्हती. दोनचार पावलं पुढे धावून मग काही आठवल्यासारखी मागे येत होती. पंचाची शिट्टी पुन्हा पुन्हा वाजली. शेवटी नगरची एक मुलगी चिडून ओरडली, "अगं ए, बस ना! सगळं तूच पळणार का? आम्ही काय इथं हळदीकुंकवाला बसलोय?" सगळे हसले. अश्विनीही हसली, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

दुपारी रूथबाईंनी अहवाल सांगायला घेतला. "वेग उत्तम. दम असामान्य. पण खो देऊन बसत नाही. हिला सोबतिणीवर खेळ सोडवत नाही. अशी मुलगी संघ मोडते. घेऊ नये."

माझी लेखणी थांबली. "बाई, 'यंदा घेऊ नये' असं लिहू?"

"यंदा म्हटलं की पुढच्या वर्षाचं आश्वासन आलं. पुढचं वर्ष माझ्या हातात आहे?"

"तिला पुढचं वर्ष मिळणारच नाही. तुम्ही ऐकलंत ना सरांचं."

"ऐकलं. म्हणून तर जास्त जपून बघितलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या. "दुसऱ्या कुणाच्या जागी मी दयेने पुढे ढकललेली मुलगी घेतली गेली, तर जिची जागा गेली तिच्या घरी काय सांगायला जाऊ? लिही, घेऊ नये."

मी लिहिलं. अहवाल संघाकडे गेला आणि दोन दिवसांनी आम्ही दोघी पाथर्डीच्या एसटीत बसलो.

पाथर्डीच्या पुढे जीप. बाजरीची कणसं खुडून झाली होती आणि उभ्या वाळल्या ताटांतून वारा कागद चुरगाळल्यासारखा वाजत होता. अश्विनीच्या घरापुढे निघण्याची तयारी दिसत होती: गुंडाळलेली ताडपत्री, घासून पालथी घातलेली पातेली, दोरीने जखडलेली एक लोखंडी पेटी. तिचे वडील दगडावर कोयत्याला धार लावत होते. ओल्या लोखंडाचा तो आंबट वास माझ्या जिभेवर आला. रूथबाईंनी चपला काढल्या आणि आपलं नेहमीचं वाक्य उच्चारलं.

वडिलांचा हात थांबला. "मंग मिटलंच की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, जुना थकवा होता. "आमाला वाटलंच हुतं. तरी बाई, तुमी एवढ्या लांब सांगाया आल्या, हे लई झालं. अगं, च्या टाक." आतून स्टोव्हचा आवाज सुरू झाला. अश्विनीची आई चहा टाकताना एकदाही बाहेर डोकावली नाही.

अश्विनी दारातल्या खांबाला टेकून उभी होती. "काय चुकलं, बाई?" तिने विचारलं.

"खो दिल्यावर तू बसत नाहीस."

"बसून कसं चालंल?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "मंग पळंल कोन?"

"जिला खो दिलास ती."

"ती कशी पळंल, बाई? ती तर दगड असती."

स्टोव्ह भरभरत होता. रूथबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "कोण दगड?" त्यांनी विचारलं.

अश्विनी आम्हाला शाळेमागच्या मोकळ्या माळावर घेऊन गेली. तिथे कडेला, बाभळीखाली, घागरीएवढे काही दगड ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येकावर चुन्याने नाव लिहिलेलं होतं; पावसाने काही नावं फिकट झाली होती. "ही सविता," अश्विनी एकेकीची ओळख करून देत म्हणाली, "ही पूजा. ही आरती, हिचा गेल्या साली पाय मोडला कारखान्यावर. दिवाळीच्या टायमाला ह्या समद्या आईबापासंगं जातात. मागं आमी दोघीतिघीच. मंग ह्यांना मांडायचं आन् खेळायचं. पावसाळ्यात येतात त्या, पर तवा खुरपनं असतंय, खेळाया कुठं घावतंय?" ती एका दगडाशी वाकली, त्याला तळवा लावला, ओठांत काहीतरी म्हणाली आणि लगेच पुढे धावली. "आसं. खो द्यायचा, तिच्यावानी उठायचं आन् तिचं बी आपुनच पळायचं."

रूथबाईंच्या गालातली लवंग हलायची थांबली. मी ते स्पष्ट पाहिलं. दगडाला हाक ऐकू जात नाही म्हणून पुटपुटलेला खो. दगडाची पाठ खाली असते म्हणून ते वाकणं. आणि गेलेल्या प्रत्येकीचा वाटा हीच धावते, म्हणून तो कधी न संपणारा दम. आम्ही सगळं पाहिलं होतं, सगळं बरोबर टिपलं होतं आणि त्याचा अर्थ उलटा लावला होता. सोबतिणीवर खेळ न सोडणारी म्हणून जिला आम्ही नाकारलं, ती गेली कित्येक वर्षं आपल्या सोबतिणींना मैदानातून जाऊ देत नव्हती.

"दगड मांड," रूथबाई म्हणाल्या. अश्विनीने दगड ओळीत मांडले. रूथबाईंनी त्यांतली सविता उचलून बाजूला ठेवायला सांगितली, निऱ्या वर खोचल्या आणि तिच्या जागी स्वतः उकिडव्या बसल्या. गुडघ्यांनी कटकट आवाज केला. "कवयित्रीबाई, तुम्ही काय प्रेक्षक आहात का? ती पूजा काढा, बसा."

मी बसले. माती उन्हाने तापलेली होती; पावलांखाली तिची धग आणि नाकात बाभळीचा उग्र वास. मागून धावत येणारी पावलं ऐकू आली, आणि ती जवळ येत गेली तशी माझी पाठ आपोआप ताठ होत गेली. मग हात पडला. इतका हलका, इतका विचारून ठेवल्यासारखा हात की मी क्षणभर उठायचंच विसरले.

"मोठ्यानं म्हण!" रूथबाई ओरडल्या. "ही बाई आहे, धोंडा नाही! जरा जड आहे, पण उठेल!"

"खो!" अश्विनी म्हणाली आणि हसूच फुटलं तिला. मी उठले, धावले, म्हणजे धावल्यासारखं केलं, रूथबाईंच्या पाठीला हात लावून खो दिला, आणि साठी उलटलेल्या रूथबाई साडी सावरत त्या माळावर अशा काही झेपावल्या की बांधावर येऊन उभे राहिलेले अश्विनीचे वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं बाई, पडाल की!" पहिल्या खेपेला अश्विनी बसली नाही. दुसऱ्या खेपेला अर्धी बसली आणि उठली. मग एकदा रूथबाई तिच्या हाताखालून उठल्या तेव्हा तिने त्यांना पुढे जाताना पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि शांतपणे त्यांच्या जागी खाली बसली. तिचा चेहरा मी तिथून बघत होते. बाजारातून येताना डोक्यावरची जड पाटी कुणीतरी न विचारता उतरून घ्यावी, तसा तो झाला होता.

निघताना रूथबाई तिला म्हणाल्या, "मी आज काही कबूल करत नाही. तुला जे सांगायला आले होते ते खोटं होतं, एवढंच सांगून जाते." वडिलांना त्यांनी विचारलं, "गाडी कधी येणार?" ते म्हणाले, "येत्या शुक्कीरवारी सकाळी. ठरल्यालं हाय, बाई. तवर नाव आलं तर माझा शबुद कायम."

ड्राफ्ट गुरुवारी होता.

माळाच्या उंचवट्यावर मोबाईलला रेंज होती. तिथे उभं राहून रूथबाईंनी संघाच्या प्रशिक्षकांना फोन लावला. "माझा अहवाल चुकला आहे. नाही, लिहिणारीची चूक नाही. मी चुकले. बघितलं बरोबर, ठरवलं चूक." पलीकडून बरंच बोलणं झालं असावं. त्या ऐकत राहिल्या. वाऱ्याने पदर तोंडावर येत होता, त्या तो परत परत मागे सारत होत्या. "हो, मी कधीच मत बदलत नाही. म्हणून तर तुम्ही ऐकावं म्हणते. आणि हे बघा, दया म्हणून सांगत असेन तर पुढच्या वर्षी मला बोलावू नका." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बघतो म्हणाले. वचन देत नाही म्हणाले. बरोबर आहे, मीही दिलं नसतं."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. नगर जवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "मी एवढ्या जणींच्या घरी गेले. अंगणं बघितली, चुली बघितल्या. त्या खेळतात कुठे, ते कधी बघितलं नाही." मी म्हटलं, "आज बघितलंत ना." त्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की नाही ते मला कळलं नाही. त्यानंतर त्या जितकी वर्षं हे काम करत होत्या, तितकी वर्षं चाचणीच्या आधी प्रत्येक मुलीचं गावातलं मैदान बघून येत, आणि मला बरोबर नेत. दयेबद्दलचं ते वाक्य मात्र त्या तरीही म्हणत राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत त्या गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर मी हे लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मला जाणवलं की त्यांचा चेहरा मला सगळ्यांत स्वच्छ आठवतो तो त्या शुक्रवारचा.

गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या चिमुकल्या पडद्यावर एकेका संघाची माणसं माइकपाशी येऊन नाव वाचत होती. रूथबाईंनी पडद्याकडे पाठ केली आणि परातीत तांदूळ निवडायला घेतले. त्यात खडे नव्हतेच, तरी त्या निवडत होत्या. कोल्हारच्या मुलीचं नाव आलं. इतर कितीतरी नावं आली. फेऱ्या संपत आल्या, सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या, आणि अगदी शेवटाला, राखीव खेळाडूंमध्ये, आमच्या संघातल्या कुणीतरी अश्विनीचं आणि तिच्या गावाचं नाव चुकीच्या जागी आघात देत वाचलं. रूथबाई उठल्या, नळाखाली तोंड धुतलं, आणि ओल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "फोन लाव तिच्या बापाला."

फोन बंद होता. सरांना लावला, तर ते परगावी गेलेले. संध्याकाळी लावला, बंद. शुक्रवारी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. जीपवाला रस्ता सोडून बैलगाडीच्या चाकोरीतून घुसला तेव्हा समोर ट्रकचं धूड दिसलं, वर माणसं, शेळ्या, ताडपत्री, आणि खाली इंजिन सुरू होण्याचा धूर. अश्विनी फाळक्याला धरून वर चढण्याच्या बेतात होती.

"उतर!" रूथबाई जीपमधूनच ओरडल्या. खाली उतरताना त्यांची एक चप्पल आतच राहिली. "नाव आलंय! तुझं नाव आलंय!"

वडील ट्रकच्या पुढून आले. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "आलं म्हंता? खरंच आलं?"

"मी खोटं सांगायला एवढ्या लांब येते का, भाऊ?"

"न्हाई, न्हाई. येक डाव आलाव्हता, पर," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. "म्हंजे हिला ठिवायची. मंग हिचं हातरून—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वर काहीतरी हललं. अश्विनीची आई, जी त्या दिवशी चहा टाकताना एकदाही बाहेर डोकावली नव्हती, ती भांड्यांच्या आणि शेळ्यांच्या मधून वाट काढत होती. सगळ्यांत तळाशी घातलेलं एक गाठोडं तिने ओढून काढलं, त्यासाठी दोन पातेली पाडली, कुणाची तरी ओरड खाल्ली, आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी ट्रकवरून खाली फेकलं. ते धुळीत धप्पकन पडलं. "केंद्रात जायस्तवर मावशीपाशी निजत जा!" ती वरून ओरडली. "आन् रोज न्हात जा, तिथं केंद्रात समदी शेरातली माणसं असत्याल!" मग तिने पदर तोंडावर घेतला आणि ट्रक निघाला.

धूळ बसायला बराच वेळ लागला. रूथबाई त्या गाठोड्यावर बसल्या. त्यांनी पाठ शेजारीच असलेल्या मावशीच्या घराच्या भिंतीला टेकवली, एक पाय अनवाणीच पुढे पसरला आणि डोळे मिटले. मला वाटलं, क्षणभर. पण त्या खरोखर झोपल्या, तोंड किंचित उघडं ठेवून, भर सकाळी, परक्या अंगणात. इतक्या वर्षांत ते डोळे काही न पारखता मिटलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मावशी चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि तशीच थबकली. ऊन सरकत त्यांच्या कपाळापर्यंत आलं तेव्हा अश्विनी पायांचा आवाज न करता पुढे झाली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी उभी राहिली.